‘क्लाइंब’ शिडीवरून आला नाही, सर

सर, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तुमच्यावर आहे की माझ्यावर, ते आत्ता विचारू नका. माणूस गेला की लोक त्याच्याबद्दल साखर पेरल्यासारखं बोलतात, आणि मला ते जमत नाही. “हिच्या जिभेला हाड न्हाई,” असं माझ्या आईला तुम्हीच सांगितलं होतं, मी सातवीत असताना, आमच्या दारात उभं राहून. आई म्हणाली होती, “मंग काढा की सर तुम्ही एखादं.” तुम्ही हसला होतात. त्या जिभेनं पुढं तुमचं काय केलं ते तुम्हाला निम्मंच माहीत आहे. उरलेलं निम्मं सांगायचं राहिलं. ते सांगायलाच बसलेय.

पण सुरुवात शनिवारपासून करते, नाहीतर तुम्हीच म्हणाल, मुद्द्यावर यायची घाई लई.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास तुमचा, आणि त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही हा तुमचा कायदा. कपाळावरच्या विभूतीचे पट्टे घामानं पुसट झालेले, हातात खडू, आणि फळ्यावर इंग्रजीतला एकच शब्द. त्याच्याकडं बोट करून तुम्ही विचारायचात, “बगा रे, गावात नवा माणूस आला की आपून काय इचारतो? कुण्या गावचा, कुणाचा? मंग ह्या शब्दाला का न्हाई इचारायचं?” आणि मग त्या शब्दाचं अख्खं खानदान निघायचं. बाप कोण, आजा कोण, कुठल्या मुलखातून आला, वाटेत कुणाकडं राहिला. कंधार तालुक्यातल्या त्या पत्र्याच्या वर्गात आम्ही ग्रीक आणि लॅटिन ही नावं अशी ऐकायचो, जशी उमरी आणि मुदखेड.

‘क्लाइंब’चा शनिवार माझ्या आयुष्यातून कधी जायचा नाही. तुम्ही चुना मारायची बांबूची शिडी शिपायाकडून मागून आणलीत आणि वर्गाच्या भिंतीला टेकवलीत. एकेकानं चढायचं, चौथ्या पायरीवर थांबायचं आणि ओरडायचं, “आय क्लाइंब!” मुलांचं झालं. मुलींची पाळी आली तसे हेडमास्तर दारात येऊन उभे. “मुली पण?” तुम्ही मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. “सर, इंग्रजीत क्लाइंबला पुरुष-बाई असा फरक न्हाई,” म्हणालात आणि माझं नाव घेतलंत. मी चढले. आवाज सगळ्यांपेक्षा मोठा निघाला. भिंतीपलीकडं किल्ल्याचा बुरूज दिसला आणि स्टँडावर वळणारी लाल गाडी दिसली. आईनं घरी दोन धपाटे घातले, पण मी इंग्रजी शिकवायची हे तिथंच ठरलं.

शिडीखाली उभं राहून तुम्ही सांगितलं होतं, “वर जायला इंग्रजीत दुसरा बी शब्द हाय. असेंड. तो लॅटिनमधून आलेला, थोरामोठ्याचा. राजा गादीवर असेंड करतो. आपून क्लाइंब करतो. ज्याचे हात मळतेत तो क्लाइंब.” आणि मग खानदान काढलंत. क्लाइंब आणि क्लायमॅक्स हे सख्खे भाऊ, आणि त्यांचा आजा म्हणजे शिडी या अर्थाचा जुना ग्रीक शब्द. म्हणून तर ही शिडी आणली रे, म्हणालात. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या बॅचनी तशाच डोलावल्या असतील.

आणि सर, ते चूक होतं.

क्लायमॅक्सचा आजा ग्रीक शिडी, हे खरं. पण क्लाइंब त्याचा कुणीच लागत नाही. तो उत्तरेकडच्या जुन्या जर्मन बोलींच्या घरचा आहे, आणि जाणकार म्हणतात की त्याच्या मुळाशी शिडी नाही, वर जाणंसुद्धा नाही. मुळाशी आहे चिकटणं, घट्ट धरणं. धरून धरून जो वर जातो त्याचं ते चढणं. शेवटचा ‘बी’ आज नुसता लिहायचा, पण पूर्वीचे लोक त्याचाही उच्चार करायचे. तुमच्याकडं एकच छोटी डिक्शनरी होती, पुठ्ठा गेलेली, आणि तिच्यात क्लायमॅक्सचं मूळ दिलेलं होतं, क्लाइंबचं नव्हतं. दोघं एका पानावर, एकाखाली एक. एका गल्लीत घरं म्हणून तुम्ही भावकी धरलीत. आपल्याकडं असंच धरतात.

हे मी लातूरला आल्यावर वाचलं. इथल्या क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवते. इथं शब्दाला कोण कुणाचा विचारत नाहीत, चार पर्याय देऊन खूण करायला लावतात. यावरून आपलं भांडण जुनंच. “तुमच्या लातुरात पोरं शब्दाला भेटतेत कधी?” असं तुम्ही विचारायचात, आणि मी म्हणायचे, “सर, भेटायला वेळ कुणाला आहे? तुमच्या शनिवारानं किती पोरं डॉक्टर झाली?” असं बोलून मी जिंकायचे, आणि तुम्ही हूं म्हणून चहा ओतायचात. शिकवायची पद्धत कुणाची खरी, हा निकाल आपल्यात कधीच लागला नाही. आता तुम्ही गेल्यावर तो माझ्या बाजूनं लावून घेणं सोपं आहे, म्हणून लावत नाही.

मग तो शिक्षकदिन. शाळेनं तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, आणि माजी विद्यार्थिनी म्हणून मला. पोरांनी ऐकलेलं होतं, त्यांनी हट्ट धरला, सर, शिडीचा शब्द घ्या. तुमचा चेहरा कसा फुलला होता! शिडी आली, आता ती ॲल्युमिनियमची. तुम्ही त्या वयात दोन पायऱ्या चढलातसुद्धा. ग्रीक आजा निघाला. टाळ्या पडल्या. आणि मी उठले, माईक घेतला आणि म्हणाले, “सर, माफ करा, पण हे साफ चूक आहे. क्लाइंबचा आणि शिडीचा काडीचा संबंध नाही.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग एक पोरगं हसलं आणि मग सगळा मंडप हसला. तुम्ही शिडीवरच होतात. उतरताना पायरी चाचपडत उतरलात. मला विचारलंत, “पुरावा?” मी मोबाइल पुढं केला. चष्मा काढून तुम्ही वाचलंत, “शिवा, शिवा,” म्हणालात आणि खुर्चीवर जाऊन बसलात. जेवायला थांबला नाहीत.

आठ दिवसांनी तुमचा फोन. मला वाटलं आता शिव्या पडतात. तुम्ही म्हणालात, “मॅडम, तुमचं बरोबर हाय. मी नांदेडला जाऊन मोठ्या डिक्शनरीत बघून आलो.” तोवर तुम्ही मला अगं-तुगंच करत होतात. ते ‘मॅडम’ नि ‘तुमचं’ कानफटात बसल्यासारखं लागलं. आणि मग म्हणालात, “आता ज्याला ज्याला शिकवलं, त्याला त्याला सांगावं लागंल.”

मी हसले, सर. खरंच हसले. “इतक्या वर्षांची पोरं, कुठं कुठं जाणार?”

“जाईन की. गाडी हाय, अर्धं तिकीट हाय, पाय हायेत.”

आणि तुम्ही गेलात! शाळेतून जुन्या हजेरीपटांतली नावं उतरवून आणलीत, शंभर पानी वहीत बॅचवार लिहिलीत आणि घरोघर निघालात. उमरीला पिठाची गिरणी चालवणाऱ्या शकुंतलेनं तुमच्यासाठी चालू गिरणी बंद केली, अर्धवट दळणाची गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहिली, आणि तुम्ही पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकावर बसून तिला क्लाइंबचं खरं घराणं सांगितलंत. ती म्हणाली, “सर, एवढ्यासाठी आलात? मला वाटलं लग्नाची पत्रिका हाय.” हे तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतं, खुशीत. पण सगळे शकुंतलेसारखे नव्हते. एकाचा मला फोन आला, “सर घरी आलते. शिडीचं, चिकटायचं कायतरी सांगून गेले. तब्येत ठीक हाय ना त्यांची?” दुसऱ्यानं तर सरळ विचारलं, डोक्यावर परिणाम झालाय का.

मला लाज वाटली. तुमची नाही हो, माझी. पण तोंडातून निघालं ते उलटंच. त्याच रविवारी कंधारला आले, तुम्ही ओट्यावर वही घेऊन बसला होतात, आणि मी उभ्याउभ्याच सुरू झाले. “सर, बास करा आता. लोक हसतात. तुम्हाला येडं म्हणून राहिलेत. कोण विचारतंय क्लाइंब कुठून आला ते? कुणाचं काय बिघडलं त्यानं?”

“बिघडलं न्हाई म्हणून चूक बरोबर होते का मॅडम?”

“मग पत्र टाका. व्हॉट्सॲप करा.”

“मी सांगताना समोर बसून सांगितलंतं. चूक भर वर्गात केली, आन् दुरुस्त कोपऱ्यात बसून करू?”

मी पाणीसुद्धा न घेता स्टँडाकडं निघाले. काकू मागून हाक मारत होत्या, “अय्यो, चहा तर घे गं.” ते आपलं शेवटचं बोलणं. तुम्ही ते कोपऱ्याचं वाक्य तुमच्याबद्दल बोललात की माझ्याबद्दल, हे मी लातूरपर्यंत गाडीत विचारत बसले होते आणि अजून विचारतेय. आता तुमचा फोन लागत नाही, म्हणून राग येतो.

नऊ दिवसांपूर्वी तुम्हाला बसवून नेलं, आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं. बेलाची पानं, कपाळभर विभूती, मान जरा उजवीकडं. पेपर तपासताना तुम्ही असेच बसायचात. खाली ठेवलं, भस्म टाकलं, मग माती. मी सगळं बघितलं आणि एक अवाक्षर बोलले नाही, तुम्हाला खरं वाटायचं नाही.

तिसऱ्या दिवशी काकूंनी ती वही माझ्या हातात दिली. पानामागून पान नावं, गावं, आणि प्रत्येक नावापुढं तुमची ती लाल खूण. जे जिवंत नाहीत त्यांच्यापुढं खूण नाही, नुसतं बारीक अक्षरात ‘राहिलं’. सगळ्या बॅच झाल्या होत्या. एकच कोरी होती. आमची.

मी म्हणाले, “काकू, आमची का ठेवली? आमची पोरं तर जवळपासचीच आहेत.”

काकूंनी पदरानं नाक पुसलं. “म्याबी इचारलंतं. तर म्हणले, बाकीच्यास्नी मी सांगतो की एका पोरीनं चूक दाखवली, नाव कुणी इचारत न्हाई. पण ती पोरं तिच्यासंगं शिकलेली. ती लगेच म्हणतील, तीच असंल, दुसरी कुणाची छाती व्हनार न्हाई. मंग तिला नावं ठेवतील, भर सभेत मास्तराला पाडलं म्हनून. ऱ्हाऊ दे ती बॅच.”

सर, एका चुकीसाठी तुम्ही इतकी गावं पालथी घातलीत आणि तेवीस घरं सोडलीत ती माझ्यासाठी. आणि मी तुम्हाला येडं म्हणाले.

आता ते उरलेलं निम्मं. शिक्षकदिनाला मला एकदम आठवलं आणि मी बोलून गेले, असं तुम्हाला वाटलं असणार. सगळ्यांना तसंच वाटलं. तसं नव्हतं. क्लाइंबचं खरं मूळ मला दोन महिने आधी सापडलं होतं. ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी फोन उचलून “सर, एक गंमत सांगू का?” म्हणता आलं असतं, आणि तुम्ही खुर्चीतून उडाला असतात आनंदानं, मला माहीत होतं. मी नाही केला फोन. कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं, पोरं तुमच्याकडं शिडीचा शब्द मागणार हे ठाऊक होतं, आणि मी ते सभेसाठी राखून ठेवलं. लातूरची मॅडम किती शिकली ते गावाला दिसावं म्हणून. आरशासमोर ते वाक्य म्हणूनसुद्धा बघितलं होतं. ‘माफ करा’ हेही पाठ केलेलं होतं, सर.

हे तुमच्या हयातीत मी कुणाला बोलले नाही. तुम्हाला तर नाहीच.

वही घेऊन काल मुदखेडला गेले. यादीत पहिला बाळू. ओळखलात ना? मागच्या बाकावरचा, इंग्रजीत कायम नापास. आता वायरमन आहे. खांबाखालीच सापडला, कमरेला पट्टा, हातात पक्कड. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, त्याला सांगितलं की सरांनी सांगितलेलं शिडीचं खानदान चूक होतं, हा शब्द घट्ट धरण्यावरून आलाय. मला वाटलं हसेल. तो खांबाकडं बघत राहिला.

“हाव की,” म्हणाला. “शिडी लावायला जागा कुठं असती दर खांबाला? चिखल असतो, काटे असतेत. मांडी आवळून, धरूनच जावं लागतंय. किती वर ऱ्हायलं ते बघायचं न्हाई, हातात काय धरलंय तेवढं बघायचं. सर मला इचारले असते तर म्या सांगितलं असतं.” मग थांबला. “सरानी मला इचारलं असतं तर...” एवढं म्हणून त्यानं तोंड फिरवलं आणि पक्कड पट्ट्यात खोचली.

मग मी दुसरं सांगितलं. ती चूक दाखवणारी मी, आणि कशी दाखवली, दोन महिने कशी राखून ठेवली, सगळं. बाळू म्हणाला, “तू असणार ते वळखलंच व्हतं. पण राखून ठिवलं म्हंजे लईच केलंस गं.” लपवालपवी नाही, धीर देणं नाही. “मला कशाला सांगून ऱ्हायलीस पण? माझ्यासमोर केलंतंस का? जितं केलंस तितं सांग.”

दहावीत इंग्रजीत बारा मार्क पडलेला माणूस आहे तो. तुमचंच बोलला.

शनिवारी शाळेत तुमची शोकसभा आहे. मुख्याध्यापकांनी मला पाच मिनिटं दिलीत, विषय ‘सरांचं कार्य’. बाकीचे तुम्हाला ज्ञानाचा सागर म्हणतील, म्हणू देत. मी कार्यावर बोलणार नाही. आधी क्लाइंबचं खरं घराणं सांगणार, तुम्ही सांगायचात तसं, गल्लीतल्या भावकीसकट, तुमच्या चुकीसकट, आणि ती चूक घेऊन तुम्ही किती उंबरे चढलात ते. मग माझं सांगणार. पोरं हसली तर हसू देत. त्यांच्यातली निम्मी त्या दिवशी मंडपात होती, त्यांनी मला बघितलंय. नंतरचे रविवार बावीस घरांचे. लातूरच्या क्लासला कळवून टाकलंय, रविवारची बॅच दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, पगार कापू. म्हटलं, कापा.

एकच गोष्ट आहे सर, जिला उपाय नाही. तुम्ही ज्याला चुकीचं सांगितलंत त्याच्याच डोळ्यात बघून दुरुस्त केलंत. मी वार केला तेव्हा तुम्ही समोर होतात, कबूल करीन तेव्हा नसणार. वहीत तुमचं नाव घालून त्याच्यापुढं मला बारीक अक्षरात ‘राहिलं’ असंच लिहावं लागेल. ते लिहून मी माईक हातात घेणार आहे.